मोडलेल्या चकतीची साक्ष



विमानाच्या इंजिनावर युनियनचा माणूस काय बोलणार, असे आपल्या मनात आले असेल. पण यंत्र मोडल्यावर कोणता प्रश्न विचारायचा, हा माझा विषय आहे. आणि तो आमच्या रोजच्या कामातला आहे.

१२ ऑक्टोबर १९७६ रोजी इंडियन एअरलाइन्सचे कॅराव्हेल जातीचे जेट विमान मुंबईहून मद्रासला निघाले. थोड्याच वेळात त्याच्या दोन इंजिनांपैकी एक बिघडले. वैमानिकाने विमान माघारी वळवले. पण उतरता उतरता ते कोसळले. आतली ९५ही माणसे गेली.

आता, असे विमान एका इंजिनावरही उतरू शकते. मग हे का पडले? चौकशीत उलगडा झाला. इंजिनात हवा दाबणाऱ्या चकत्यांपैकी दहावीला तडा होता. ती फुटली, इंजिन फाटले, इंधनाच्या नळ्या तुटून आग लागली. त्या आगीत सुकाणू हलवणाऱ्या यंत्रणेचे तेल गेले आणि विमान हाताबाहेर गेले.

तार एकदा वाकवली तर तुटत नाही. पुनःपुन्हा वाकवली की तुटते. हाच धातूचा थकवा. मिनिटाला हजारो फेरे घेणाऱ्या चकतीत केसाएवढी चीर पडते आणि उड्डाणागणिक वाढते. तुटलेल्या कडेवर त्या वाढीच्या रेघा उमटतात. खोडातली वर्तुळे मोजावीत, तशा त्या सूक्ष्मदर्शकातून वाचता येतात. म्हणूनच तपासनीस तुकडा न् तुकडा वेचतात.

१९४४ च्या शिकागो करारावर उभ्या असलेल्या आंतरराष्ट्रीय नियमांत या तपासाचा हेतू एकच आहे : पुढचा अपघात टाळणे. कोणाच्या माथी दोष मारणे हा नव्हे.

आपली माणसे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर जातात. तरुण पोरे कारखान्यांत जातात. तिथे यंत्रात हात सापडला, की ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ एवढी ओळ लिहून कागद मिटतो. मोडका भाग भंगारात जातो आणि साक्षीदारच नाहीसा होतो. हे मी पुष्कळदा पाहिले आहे. भरपाईचा हक्क वेगळा, तो मागायचाच. पण भरपाईने दुसऱ्याचा हात वाचत नाही.

तेव्हा आपण एवढा आग्रह धरावा. मोडलेला भाग जपून ठेवला जावा. तो शेवटचा कधी तपासला, यंत्राला जाळी होती का, माणूस किती तास उभा होता, हे लिहिले जावे. विमानातल्या जिवासाठी ‘का’ विचारतात. भट्टीवरचा जीवही तेवढ्याच मोलाचा आहे.