आधी व्हॅक्यूम, मग गॅस

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात, आपापल्या कामाविषयी बोलण्याच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी प्रत्येकाला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय एकच : तू काय करतोस? माझ्याआधी डॉक्टर बोलले, बँकेतली मंडळी बोलली, कापूस आणि संत्रा पिकवणारे बोलले. माझं काम सांगायची खरं तर गरज नाही. मार्च संपत आला की तुमच्यापैकी निम्म्या लोकांचा मला फोन येतो, "अबे, एसी गार करत नाही, जरा गॅस भरून दे." आज त्या एका वाक्याबद्दलच बोलतो. कारण त्या वाक्यात दोन चुका आहेत, आणि त्या दोन चुकांपायी यवतमाळ जिल्ह्यात दर उन्हाळ्यात किती काँप्रेसर जळतात ते मी तीस वर्षं बघतो आहे.

दहावीनंतर मी आयटीआयला रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा ट्रेड घेतला. तेव्हापासून यवतमाळ, वणी, पुसद, दारव्हा, पांढरकवडा इथल्या बँका, दवाखाने, दुकानं आणि मंगल कार्यालयं यांची मोठी मशीन बसवणं आणि दुरुस्त करणं हाच माझा धंदा.

पहिली चूक अशी, की गॅस संपतो असं लोकांना वाटतं. गॅस म्हणजे पेट्रोल नव्हे. तो तांब्याच्या बंद नळीत फिरत असतो. आतल्या कॉइलमध्ये खोलीची उष्णता घेऊन त्याची वाफ होते, काँप्रेसर ती वाफ दाबतो, आणि बाहेरच्या कॉइलमध्ये ती उष्णता टाकून तो पुन्हा द्रव होतो. वर्षानुवर्षं तोच गॅस फिरतो. कमी झाला, याचा अर्थ कुठंतरी लीकेज आहे. दर वर्षी गॅस भरून घेणारा माणूस म्हणजे पंक्चर न काढता रोज सकाळी चाकात हवा भरणारा माणूस.

दुसरी चूक अधिक महागात पडते. गॅस भरणं हे शेवटचं काम आहे. खरं काम त्याच्या आधीचं, म्हणजे नळीतली हवा आणि ओल बाहेर काढण्याचं. आमच्या भाषेत व्हॅक्यूम मारणं. हे काम कोणाला दिसत नाही, त्याचा आवाज नाही, आणि घाईत हेच आधी गाळलं जातं.

ओल का काढायची? आर-४१०ए किंवा आर-३२ या गॅसच्या मशीनमध्ये जे ऑईल असतं ते ओल पटकन शोषून घेतं. पावसाळ्यात डब्यात उघडं राहिलेलं मीठ जसं पाणी धरतं तसं. ओल, ऑईल आणि काँप्रेसरची उष्णता एकत्र आली की ॲसिड तयार होतं. ते ॲसिड मोटारीच्या वाइंडिंगवरचं इन्सुलेशन खातं, आणि एके दुपारी मोटार जळते. शिवाय आत राहिलेली हवा बाहेरच्या कॉइलमध्ये थंड होऊन द्रव होत नाही. ती तिथंच जागा अडवून बसते आणि दाब वाढवते. आपल्याकडच्या नवतपात गच्चीवर आधीच मशीनचा जीव कंठाशी आलेला असतो, त्यात ही भर.

आता ओल काढायची कशी? फडक्यानं पुसून तर येत नाही. इथं आपले विज्ञानाचे सर आठवतात. त्यांनी चंबूत पाणी उकळलं, बूच लावलं, चंबू उलटा धरला आणि वरून गार पाणी ओतलं. खाली आग नसताना आतलं पाणी पुन्हा उकळायला लागलं. दाब कमी झाला की पाणी कमी तापमानाला उकळतं, एवढं एक वाक्य त्यांनी फळ्यावर लिहिलं. माझा सगळा धंदा त्या वाक्यावर उभा आहे. पंप लावून नळीतला दाब इतका उतरवायचा, की आतलं पाणी नुसत्या खोलीच्या उष्णतेनं उकळावं आणि वाफ होऊन पंपातून निघून जावं.

पण किती उतरवायचा? इथं बहुतेक मेकॅनिक गेजच्या काट्यावर विसंबतात, आणि फसतात. पुस्तकात लिहिलेलं असतं तीस इंच. समुद्रसपाटीवर ते ठीक आहे. आपलं यवतमाळ सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर आहे, म्हणजे इथं मुळात हवेचाच दाब कमी. इथं कितीही चांगला पंप लावा, काटा अठ्ठावीस-साडेअठ्ठावीस इंचांच्या पुढं जाणारच नाही. बरं, काट्यावरचा एक इंच म्हणजे २५,४०० मायक्रॉन. तेवढा एक इंच बाकी राहिला तर पाणी उकळायला २६ अंश तापमान लागतं. म्हणजे पौषातल्या सकाळी, नळ्या १२-१५ अंशांवर असताना, काटा बघून समाधान मानलं तर आतलं पाणी जागचं हललेलंही नसतं! आपल्याला जायचं असतं ५०० मायक्रॉनच्या खाली. हा फरक काट्याला दिसतच नाही. त्याला इलेक्ट्रॉनिक मायक्रॉन गेज लागतो. आपल्याकडं तो अजूनही फार थोड्यांच्या पेटीत असतो.

एक उदाहरण सांगतो. जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी एका दवाखान्याच्या ऑपरेशन थिएटरचं डक्टेबल युनिट एप्रिलमध्ये बंद पडलं. काँप्रेसर जळाला होता. कोणीतरी तो बदलून दिला आणि तीन आठवड्यांत नवाही जळाला. तिथला डॉक्टर आपलाच वर्गमित्र, इथं तिसऱ्या रांगेत बसला आहे. त्याचा फोन आला, "सोमवारी सकाळी नऊला ऑपरेशन आहे, पेशंट भरती आहे, तू ये."

शनिवारी गेलो. जळालेल्या काँप्रेसरमधलं ऑईल काढलं तर ते काळं पडलेलं, वास आंबूस आणि करपट. ॲसिडची चाचणी केली, रंग लगेच बदलला. बाहेरच्या युनिटजवळ एका फ्लेअरला बारीक चीर होती, तिथं तेलाचा ओशट डाग होता. म्हणजे चित्र स्पष्ट झालं. लीकेज तसंच ठेवलं, व्हॅक्यूम न मारता थोडा गॅस सोडून हवा ढकलून दिली, आणि मशीन चालू केलं. पहिल्या काँप्रेसरचं ॲसिड दुसऱ्याच्या पोटात गेलं.

आम्ही नळ्या धुतल्या, फ्लेअर नव्यानं केला, फिल्टर ड्रायर बदलला, नायट्रोजन आतून वाहता ठेवून ब्रेझिंग केलं म्हणजे नळीत काजळी धरत नाही. मग नायट्रोजनचा ४०० पीएसआय दाब भरून रात्रभर ठेवला. रविवारी सकाळी काटा जागेवर होता. लीकेज नाही. मग पंप लावला. नुसत्या बारीक होजमधून ओढण्यापेक्षा व्हॉल्व्हची पिन काढून जाड होज लावला, पंपाचं ऑईल ताजं भरलं. संध्याकाळी सहाला गेज ७०० मायक्रॉन दाखवत होता.

तिथल्या व्यवस्थापकांना घाई होती, आणि ती समजण्यासारखी होती. ते म्हणाले, "भाऊ, पंप चार तास चालला ना? भरा आता गॅस." मी पंपाचा व्हॉल्व्ह बंद केला आणि त्यांना गेज दाखवला. आकडा वर चढायला लागला. हजार, दीड हजार, आणि वीस मिनिटांत २,४०० वर जाऊन थांबला. या थांबण्यालाच महत्त्व आहे. आकडा न थांबता चढतच गेला तर लीकेज समजावं. चढून एका जागी थांबला तर आत अजून ओल आहे, ती वाफ होते आहे असं समजावं. लीकेज नव्हतं, ओल होती.

मग कोरडा नायट्रोजन आत सोडला, तो ओल घेऊन बाहेर येतो, आणि पुन्हा पंप. पुन्हा नायट्रोजन, पुन्हा पंप. पहाटे तीनला आकडा ३८० वर आला. व्हॉल्व्ह बंद केला, अर्धा तास बसलो, ४५० च्या वर गेला नाही. तेव्हा गॅसच्या सिलिंडरला हात लावला. इकडं डॉक्टरनं रात्रीच नातेवाइकांना सांगून ऑपरेशन दुपारवर ढकललं होतं. त्यानं मला एकदाही "आवर" म्हटलं नाही, हे इथं सर्वांसमोर सांगितलं पाहिजे. मशीन आज सात वर्षं चालू आहे, काँप्रेसर तोच आहे.

आता गॅस भरण्याबद्दल थोडं. आर-४१०ए हे आर-३२ आणि आर-१२५ या दोन गॅसचं निम्मं-निम्मं मिश्रण. म्हणून तो सिलिंडरमधून वाफेच्या नव्हे, द्रवाच्या रूपात काढायचा, म्हणजे प्रमाण बिघडत नाही. आणि वजन करून भरायचा. मशीनवर किती किलो ते लिहिलेलं असतं. नळी लांब असेल तर वर किती घालायचा याचा तक्ता कंपनी देते. अर्ध्या इंची लिक्विड लाइनला मीटरमागं साधारण शंभर-सव्वाशे ग्रॅम. व्हॅक्यूम असतो तेव्हा बराच गॅस आपोआप ओढला जातो, उरलेला मशीन चालू करून थोडा थोडा सोडायचा.

पण आपल्याकडं वजनकाटा कोण आणतो? दाबाचा काटा बघतात, नाहीतर नळीला हात लावून "आली गारी" म्हणतात. दाब बाहेरच्या हवेप्रमाणं बदलतो. जानेवारीत दाब मुळातच कमी असतो. तो "नेहमीच्या आकड्यावर" आणायला गॅस भरत गेलं तर मशीनमध्ये गॅस जास्त होतो, आणि मे महिन्यात ४५ अंशांत तेच मशीन दर दुपारी हाय प्रेशरवर ट्रिप होतं. मग आपण व्होल्टेजला शिव्या देतो. वजन माहीत नसेल तर निदान तापमानं मोजावीत : बाहेर जाणारा द्रव त्या दाबाच्या उकळबिंदूपेक्षा किती अंश गार आहे, आणि परत येणारी वाफ किती अंश गरम आहे. तापमापक आणि तक्ता, एवढ्यावर ते कळतं.

एक गोष्ट आपल्या शेतकरी मित्रांसाठी. मी आयटीआयला होतो तेव्हा फ्रिजमध्ये आर-१२ असे. असे गॅस ओझोनचा थर खातात हे मोलिना आणि रोलँड यांनी १९७४ साली मांडलं, १६ सप्टेंबर १९८७ ला माँट्रियलचा करार झाला, भारत त्यात १९९२ साली आला, म्हणजे आपण दहावी झालो त्याच वर्षी. आता ते गॅस गेले. नव्या गॅसनं ओझोनला धक्का लागत नाही, पण एक किलो आर-४१०ए हवेत सोडला तर जवळपास दोन टन कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं तापमान वाढतं. आर-३२ चा आकडा त्याच्या एक तृतीयांश. म्हणून जुना गॅस फुस्स करून गच्चीवर सोडू देऊ नका. तो मशीननं ओढून सिलिंडरमध्ये परत घेता येतो, फक्त सिलिंडर ऐंशी टक्क्यांवर भरायचा नाही.

आणि एक गोष्ट जिवाची. आर-३२ पेट घेऊ शकतो, आर-२९० तर प्रोपेनच आहे. कोणी प्रेशर टेस्टला नायट्रोजनऐवजी ऑक्सिजनचा सिलिंडर लावताना दिसला तर त्याला तिथंच थांबवा, हात जोडून थांबवा. ऑक्सिजन आणि काँप्रेसरचं ऑईल दाबाखाली एकत्र आले की स्फोट होतो. गॅस कटिंगचा सिलिंडर दुकानात हाताशी असतो, म्हणून पोरं तो उचलतात.

तेव्हा पुढच्या मार्चमध्ये फोन कराल तेव्हा "गॅस भरून दे" म्हणू नका. येईल त्या मेकॅनिकला, मी असो की दुसरा कोणी, चार प्रश्न विचारा. लीकेज कुठं होतं? नायट्रोजन मारला का? व्हॅक्यूम किती मायक्रॉनपर्यंत गेला आणि बंद केल्यावर किती वेळ टिकला? गॅस वजन करून भरला का? आणि तो वेळ मागेल तर द्या. तास-दोन तासांचे पैसे जास्त मागेल तर तेही द्या. काँप्रेसर त्याहून फार महाग असतो.

गुरुजनांना एक विनंती. माझ्याकडं कामाला येणारी पोरं हुशार असतात, हातात कला असते, पण दाब आणि उकळबिंदू यांचा संबंध विचारला की गप्प होतात. "हे तर परीक्षेपुरतं होतं," म्हणतात. शाळेनं बोलावलं तर मी पंप, मायक्रॉन गेज आणि काचेची बाटली घेऊन नववी-दहावीच्या वर्गावर येईन आणि गार पाणी त्यांच्यासमोर उकळून दाखवीन. तारीख शाळेनं सांगावी, फक्त एप्रिल-मे सोडून. त्या दोन महिन्यांत मी तुमच्याच गच्चीवर असतो.