सूचना वही कोण फिरवतं?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला "तुझ्या क्षेत्राबद्दल बोल" असं सांगितलं. पण कॉम्प्युटरबद्दल आता तुमची मुलंच मला चार गोष्टी शिकवतील. म्हणून मी दुसऱ्याच एका नोकरीबद्दल बोलणार आहे. ती मी करत नाही. पण ती करणारी माणसं ऑफिसात असली की माझं काम किती सोपं होतं हे मी पाहिलंय, आणि ती नसली की काय होतं तेही पाहिलंय.

कंपनीत या कामाला 'इंटर्नल कम्युनिकेशन' म्हणतात. आपण अंतर्गत संवाद म्हणू. कंपनीबद्दल बाहेरच्या जगाला सांगायला जाहिरातवाले असतात. कंपनीतल्याच माणसांना सांगणारी, आणि त्यांचं ऐकून वर पोहोचवणारी माणसं वेगळी असतात.

नाव इंग्रजी असलं तरी काम आपल्या ओळखीचं आहे. गावात तहसीलचा हुकूम तलाठ्याकडे यायचा आणि दवंडी कोतवाल द्यायचा. पण कोणाच्या शेतात पाणी शिरलं हे तलाठ्याला आधी सांगायचा तोही कोतवालच. आणि आपल्या शाळेत होती सूचना वही. शिपाईमामा ती घेऊन दारात उभे राहिले की गणिताचा तास थांबायचा, म्हणून आपल्याला मामा किती आवडायचे!

वहीत लिहिलेलं असायचं, "वार्षिक परीक्षेची फी शुक्रवारपर्यंत भरावी." सर वाचायचे आणि सही करायचे. नियमाप्रमाणे काम तिथे संपलं. पण आपले वर्गशिक्षक तेच पुन्हा अहिराणीत सांगायचे आणि "समजनं का?" असं विचारायचे. मग वसतिगृहातल्या मुलांकडे वळायचे. धडगाव-अक्कलकुव्याकडची ती मुलं घरी भिली नाहीतर पावरी बोलणारी, आणि त्यांचे पैसे गावाहून यायचे. एका वर्षी सरांनी सहीच्या खाली एक ओळ लिहिली : पाच मुले होळीसाठी गावी गेली आहेत, परतल्यावर भरतील. सातपुड्यात होळी म्हणजे काय, हे या सभागृहात सांगायला नको. काठीच्या होळीला माणूस कुठूनही घरी येतो. मुख्याध्यापकांनी वाचलं आणि तारीख पुढे ढकलली. ती ओळ नसती तर पाच नावं थकबाकीत लागली असती, आणि ऑफिस म्हणालं असतं, आम्ही तर सूचना फिरवली होती.

मोठमोठ्या कंपन्या आज नेमकं हेच म्हणतात. मेल पाठवला होता.

मी पूर्वी एका कंपनीत होते. तिथे हे काम बघणाऱ्या बाई आधी वर्तमानपत्रात होत्या. कोडिंगमधलं त्यांना काही कळत नव्हतं, आणि सुरुवातीला आम्ही इंजिनिअर लोक त्यांना 'पोस्टरवाल्या मॅडम' म्हणायचो. एकदा दोन टीम एकत्र करायचं ठरलं. वरून मसुदा आला, सगळा जड इंग्रजीत. वाचून एवढंच कळत होतं की काहीतरी वाईट होणार आहे. बाईंनी तो परत पाठवला आणि दोन प्रश्न विचारले : हे कोण वाचणार आहे, आणि वाचून त्याने उद्या सकाळी काय करायचं? त्यांनी मॅनेजर लोकांना एक दिवस आधी बसवून सांगायला लावलं. मग प्रत्येकाला त्याच्या मॅनेजरने समोरासमोर सांगितलं, आणि मेल सगळ्यात शेवटी गेला. त्यानंतर त्या आठवडाभर कँटीनमध्ये वेगवेगळ्या टेबलांवर जेवल्या. लोक काय विचारतात ते लिहून घेतलं आणि वर नेलं. त्यातला एक प्रश्न रात्रपाळीच्या मुलींच्या गाडीचा होता. टीम दुसऱ्या इमारतीत गेल्यावर गाडी कुठून सुटणार? संचालकांच्या यादीत तो नव्हता. तो सुटला नसता तर काही मुलींच्या घरून नोकरी सोडायला सांगितलं असतं.

पुढे खर्च कमी करायची वेळ आली, तेव्हा आधी गेली ती बाईंची जागा. पुढचा बदल शुक्रवारी संध्याकाळी मेलने कळवला गेला. शनिवार-रविवार व्हॉट्सअ‍ॅपवर अफवा फिरत राहिल्या. सोमवारी मॅनेजरना विचारलं तर त्यांनाही आपल्याइतकंच माहीत! आमच्यातल्या दोन उत्तम माणसांनी महिन्याभरात राजीनामे दिले. त्यांच्या नोकरीला धक्का नव्हता, पण ते त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

खालची माहिती वर न पोहोचण्याचं सगळ्यात मोठं उदाहरण आम्हा इंजिनिअरांना ठाऊक असतं. 28 जानेवारी 1986 ला अमेरिकेचं चॅलेंजर यान उडाल्यावर 73 सेकंदांत फुटलं, सात जण गेले. कडाक्याच्या थंडीत रॉकेटच्या सांध्यातली रबरी कडी नीट काम करणार नाही, असं ती रॉकेटं बनवणाऱ्या कंपनीचे इंजिनिअर आदल्या रात्री सांगत होते. ज्यांनी उड्डाणाचा शेवटचा निर्णय घेतला, त्यांच्यापर्यंत हा विरोध पोहोचलाच नव्हता, असं चौकशी आयोगाने म्हटलं. एखाद्या गृहपत्रिकेच्या संपादकाने ते यान वाचवलं असतं, असा माझा दावा नाही. पण वर जायची वाट रोजच्या छोट्या गोष्टींनी वापरात राहिली, तरच मोठी गोष्ट तिच्यावरून जाते, असं मला वाटतं.

महाराष्ट्राने हे काम फार लवकर ओळखलं होतं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर काढला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते म्हणून शेतकरी तो घेईनात. 1910 मध्ये औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली, आणि 1920 मध्ये तिथून 'किर्लोस्कर खबर' निघालं. संपादक शंकरराव किर्लोस्कर, मुळात चित्रकार माणूस. कारखान्याचं घरचं पत्र म्हणून ते सुरू झालं. पुढे त्याचं 'किर्लोस्कर' मासिक झालं, 1930 मध्ये 'स्त्री' आणि 1934 मध्ये 'मनोहर' आलं. कारखान्याच्या एका पत्रातून मराठी घरांचं वाचन घडलं, ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. मला मात्र त्याआधीच्या निर्णयाचं जास्त कौतुक वाटतं. नांगर करणाऱ्या कारखान्याने, 100 वर्षांपूर्वी, शब्दांसाठी एक माणूस बसवला.

आता या कामातही पाट्या टाकणारे आहेतच. वाढदिवसाचा केक, दिवाळीची रांगोळी आणि साहेबांचा फोटो एवढंच छापणारी गृहपत्रिका मीही न उघडता डिलीट करते. साहेबांचं प्रत्येक वाक्य गोड करून खाली ढकलणारा माणूस असण्यापेक्षा नसलेला बरा. ज्याला वर जाऊन "लोकांना हे पटलेलं नाही" असं सांगता येतं, त्यालाच पगार द्यावा.

हे मी इथे का बोलते आहे, ते सांगते. आपल्या वेळी हुशार मूल सायन्सला जायचं आणि उरलेले आर्ट्सला, असं आपणच मानत होतो. पण आपल्या जिल्ह्यातलं मूल घरी एक भाषा बोलतं, बाजारात दुसरी, शाळेत तिसरी, आणि कॉलेजात चौथी शिकतं. एकाची गोष्ट दुसऱ्याला समजेल अशी करून सांगणं ते लहानपणापासून करत असतं. पुण्या-मुंबईच्या कंपन्या यासाठी माणसं शोधतात, आणि आपल्या मुलांना अशी नोकरी असते हेच माहीत नसतं. मराठी, इंग्रजी नीट लिहिता यायला हवं, पत्रकारितेचं किंवा जनसंवादाचं शिक्षण घेतलं तर उत्तम.

आपल्यातले काही जण आज इथेच शिक्षक आहेत. वर्गात सर शिकवून गेल्यावर बाकीच्या मुली जिच्याभोवती गोळा होतात, आणि "त्यांना हे कळलं नाही" असं सरांना सांगायला जी स्टाफरूममध्ये जाते, अशी एखादी मुलगी तुमच्या वर्गात असेल. तिला माझा नंबर द्या. समितीकडे तो आहे.