कुंभार पिंपळगावात माणसं किती?

आजचा भाग छोटा आहे, ऑफिसच्या वाटेवर ऐकून होईल. विषय आहे कुंभार पिंपळगाव, तालुका घनसावंगी, जिल्हा जालना. तिकडून जे कोणी ऐकतायत त्यांना रामराम. बाकीच्यांनी पळू नका. गावात माणसं किती, हे कधी आणि कसं ठरतं, हा प्रश्न तुमच्याही गावाचा आहे.

आधी नाव. पिंपळगावं महाराष्ट्रात ढिगानं आहेत. नाशकात पिंपळगाव बसवंत, आपल्याच जिल्ह्यात भोकरदनकडं पिंपळगाव रेणुकाई. म्हणून आपल्या गावाला पुढं ‘कुंभार’ लागतं. कोडमध्ये दोन व्हेरिएबलना एकच नाव दिलं की घोळ होतो ना, तसंच हे.

भूगोल सोपा आहे. तालुक्याच्या दक्षिणेला गोदावरी, नदीपलीकडं बीड जिल्हा. जमीन काळी. कापूस, तूर, सोयाबीन, मोसंबी. पैठणचं जायकवाडी धरण 1976 साली सुरू झालं, त्याचा डावा कालवा या तालुक्यातून जातो. त्यामुळं पाणी आहे तिथं ऊस. आणि पाणी नाही तिथं काय? 2012-13च्या दुष्काळात जालन्यातल्या मोसंबीच्या बागाच्या बागा वाळल्या. ज्यांनी पोरासारखी झाडं वाढवली, त्यांनीच ती तोडून सरपणाला दिली.

इतिहासाचं म्हणाल तर याच तालुक्यातलं जांब हे समर्थ रामदासांचं जन्मगाव, सन 1608. तेवढं सगळ्यांना माहीत असतं. मला मात्र गावाच्या पत्त्याची गंमत वाटते. 1948च्या सप्टेंबरपर्यंत हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. 1956 साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, 1960 साली महाराष्ट्रात. जिल्हा औरंगाबाद होता, 1 मे 1981 पासून जालना झाला. तालुका अंबड होता, पुढं त्यातून घनसावंगी वेगळा निघाला. म्हणजे एखादी आजी घराच्या ओट्यावरून न उठता तीन राज्यं, दोन जिल्हे आणि दोन तालुके फिरून आली!

आता मुद्द्याचं, लोकसंख्या.

शेवटची जनगणना 2011 सालची. तेव्हा जालना जिल्ह्यात 19,59,046 माणसं मोजली गेली. 2021ची जनगणना झालीच नाही, त्यामुळं अजून तोच आकडा चालतोय. आणि हा आकडा कागदावर गप्प पडून राहत नाही. ग्रामपंचायतीत 7 सदस्य की 17, हे लोकसंख्येवर ठरतं. पंधराव्या वित्त आयोगानं पैसे वाटताना 2011चीच लोकसंख्या धरली. तेव्हा पहिलीत असलेलं पोरगं आज मतदार आहे, बघा.

पण मला जास्त खटकतो तो महिना. 2011ची मोजणी झाली 9 ते 28 फेब्रुवारी. नियम असा होता: या दिवसांत तुम्ही थोडे दिवस जरी घरी असाल तर घरी मोजणार. पूर्ण काळ बाहेर असाल तर जिथं सापडाल तिथं मोजणार. नियम म्हणून चुकीचा नाही, माणूस दोनदा मोजला जाऊ नये म्हणून केलाय.

आता फेब्रुवारीत घनसावंगी-अंबड पट्ट्यात काय चालू असतं? गाळप हंगाम. दिवाळीच्या आसपास मुकादमाची उचल घेऊन टोळ्या निघतात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. परत येतात ते मार्च-एप्रिलमध्ये. घरी म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. म्हणजे गावात ज्या वेळी माणसं कमी, नेमक्या त्याच वेळी गाव मोजलं जातं. पोरं इथं मोजली जाणार, त्यांचे आईबाप तिकडच्या फडावर. तेही कोणी त्या कोपीपर्यंत पोचलं तर.

मुकादमाची तर मोजायची पद्धतच वेगळी. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’. दोन माणसं, चार हात, हिशोबात एक. जनगणनेत निदान बाईचं नाव वेगळ्या ओळीत येतं, ही साधी गोष्ट नाही.

मोजणीची भानगड फक्त आपल्याकडं आहे असं नाही. अमेरिकेत नेब्रास्का राज्यात मोनोवाय नावाचं खेडं आहे. 2010च्या जनगणनेत लोकसंख्या: एक. एक आजी, गावातलं हॉटेल तीच चालवते, महापौरही तीच. 2020च्या आकड्यात तिथं दोन माणसं निघाली! दुसरं कोणी राहायला आलं नव्हतं. लोकांची खाजगी माहिती ओळखू येऊ नये म्हणून तिथलं जनगणना खातं छोट्या गावांच्या आकड्यांत मुद्दाम थोडी गडबड मिसळतं, त्याला डिफरन्शियल प्रायव्हसी म्हणतात. इंजिनिअर म्हणून मला ती कल्पना आवडते. मोठ्या बेरजेत ती गडबड विरून जाते, छोट्या गावात मात्र दिसते. फरक एवढाच, की त्यांनी एक माणूस वाढवला तो गणितानं आणि सांगून. आपल्याकडं माणसं निघून जातात ती पोटासाठी.

पुढच्या जनगणनेची माणसांची मोजणी फेब्रुवारी 2027 मध्ये आहे. मोजणी मोबाईल ॲपवर होणार, स्वतःची माहिती स्वतः भरायची सोयही आहे. पण महिना पुन्हा फेब्रुवारीच.

तर फडावर गेलेल्या काका-काकूंना तेव्हा फोन कराल, त्यात एक प्रश्न वाढवा: तुमच्या कोपीवर मोजायला कोणी आलं होतं का? नसेल आलं, तर जवळच्या ग्रामपंचायतीत जाऊन विचारायला सांगा. आणि गणक आल्यावर जन्मगाव विचारलं, तर जिल्हा जालना असं स्पष्ट सांगायला सांगा.

तुमच्या गावातून किती कोयते जातात ते मला कळवा. कोयत्यांचा आकडा सांगाल तर दोननं गुणून सांगा. भेटू पुढच्या भागात.