मंदिरातील खाट
(ज्युबिली समारंभात धर्मगुरूंनी केलेले भाषण)



ज्युबिलीच्या ह्या मंगल दिनी आम्ही येथे एका चित्राची प्रत मुद्दाम टांगली आहे. मूळ चित्र बेल्जममधील अँटवर्प शहराच्या संग्रहालयात आहे. रोहिर फान देर वेयडेन ह्या विख्यात चित्रकाराने ते इ. स. १४४५ ते १४५० च्या सुमारास, तूर्नेचे बिशप जाँ शेवरो यांच्यासाठी रंगविले.

तीन फळ्यांवर मिळून एकच उंच, कमानदार मंदिर आहे. डावीकडे बालकाचा स्नानसंस्कार, दृढीकरण व पापनिवेदन. उजवीकडे धर्मगुरुदीक्षा, विवाह व रुग्णाचा अभ्यंग. मध्यभागी, दूर वेदीपाशी, याजक पवित्र मिस्सा अर्पण करीत आहे. तो किती लहान दिसतो, पाहा! आणि त्याच्या पुढे, मंदिराच्या फरशीवरच, ख्रिस्ताचा क्रूस छताला भिडेल इतका उंच उभा आहे. कालवारीचा यज्ञ आणि वेदीवरचा यज्ञ एकच होय. सातही संस्कारांचा झरा तेथूनच वाहतो, हे चित्रकाराने सांगितले आहे.

आता उजव्या कोपऱ्याकडे पाहा. तेथे आजाऱ्याची खाट आहे, आणि ती मंदिराच्या आत आहे!

ह्या खाटेपुढे आम्हांस एक कबुली द्यावयाची आहे. कपाशी वेचणीचे दिवस होते. ज्युबिलीसाठी मंदिरास गिलावा चालला होता. सायंकाळी एका खेड्यातून निरोप आला की, एक वृद्ध अत्यवस्थ आहेत, अभ्यंगासाठी यावे. गवंडी खोळंबले होते, आम्ही म्हटले, "उद्या पहाटे येतो." पहाटे पोहोचलो, तो अंगणात माणसे जमलेली. त्यांच्या पत्नीने आम्हांस बोल लावला नाही. पिण्यास पाणी दिले. तो घोट आजही घशाखाली उतरत नाही. चित्रकाराने खाट मंदिरात मांडली. आम्ही मात्र ते घर मंदिराबाहेरचे मानले.

अमरावती धर्मप्रांत १९५५ साली स्थापन झाला. त्याच्याही आधीपासून ह्या वऱ्हाडात, अमरावतीपासून अकोल्यापर्यंत, धर्मगुरू पायी व बैलगाडीने घरोघर जात असत. त्यांची मंदिरे लहान होती, परंतु त्यांत कोणाचीही खाट मावत असे.

म्हणून आमची विनंती आहे: आपल्या घरी वा शेजारी कोणी आजारी पडल्यास अपरात्रीही आमचे दार ठोठवा. गिलावा थांबू शकतो. मरण थांबत नाही. भिंती रंगविल्या, हे चांगलेच झाले. परंतु ज्या दिवशी ह्या धर्मग्रामातील एकही खाट मंदिराबाहेर उरणार नाही, त्या दिवशी आपली ज्युबिली खरी साजरी होईल.

प्रभू आपणां सर्वांस आशीर्वाद देवो. आमेन.