अनुकंपा नव्हे, हक्क

(जबलपूरच्या महाराजपूर वस्तीत कामगार कुटुंबांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



जबलपूर हे कारखान्यांचे शहर आहे. १९०४ साली येथे तोफगाड्यांचा कारखाना उभा राहिला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना आला आणि १९६९ साली वाहन कारखाना सुरू झाला. या शहरातील हजारो घरांचा दिवस भोंग्याच्या वेळेने ठरत आला. परंतु या कारखान्यांच्या इतिहासात मोजला जातो तो हजेरीपटावरचा पुरुष. पहाटे उठून त्याचा डबा भरणारी, त्याच्या आईबापांचे दुखणेखुपणे काढणारी, उद्याचा कामगार वाढवणारी स्त्री कोणत्याच पटावर नसते. तिची पहिली नोंद होते ती नवरा गेल्यावर, आणि तीही ‘अनुकंपा’ या सदराखाली. आजच्या विवेचनाचा विषय हा एक शब्द आहे.

एक उदाहरण समोर धरू. छप्पन्न वर्षांचा एक फिटर सेवेत असताना हृदयविकाराने दगावतो. पत्नी सेहेचाळीस वर्षांची आहे. लग्नापूर्वी ती शिवणवर्गात शिकवीत असे. पुढे मुले आणि सासू-सासरे यांच्यापायी तो धागा तुटला. मुलीचे लग्न व्हायचे आहे, मुलगा अजून शिकतो आहे. जुन्या निवृत्तिवेतन नियमांनुसार तिला पहिली दहा वर्षे नवऱ्याच्या अखेरच्या मूळ वेतनाच्या ५० टक्के आणि त्यानंतर ३० टक्के कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. मूळ वेतन ४०,००० रुपये असेल, तर महागाईभत्ता वगळता आधी २०,००० आणि मग १२,००० रुपये. ही कपात होते तेव्हा ती छप्पन्न वर्षांची असते. शरीर थकू लागते, औषधाचा खर्च वाढतो, नेमका त्याच वयात आधार आखडतो. म्हणूनच या स्त्रीला काम हवे असते. तिला वेळ घालवायचा नसतो, जगायचे असते.

अशा वेळी तिला अनुकंपा नियुक्तीचा रस्ता दाखवला जातो. १९९८ साली एकत्रित केलेल्या केंद्रीय योजनेप्रमाणे या नेमणुका थेट भरतीच्या जागांपैकी ५ टक्क्यांपर्यंतच देता येतात. अर्जांची प्रतवारी गुणांवर होते, आणि संरक्षण खात्याच्या पद्धतीत मृत कामगाराची किती वर्षांची नोकरी शिल्लक होती, हेही मोजले जाते. म्हणजे ज्याने पस्तीस वर्षे घाम गाळला, त्याची विधवा रांगेत मागे पडते. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ मोडून त्याच्या सात कंपन्या करण्यात आल्या. कायम भरती आटत गेली आणि कंत्राटी हात वाढत गेले, तर त्या ५ टक्क्यांना अर्थ काय उरतो? भरती शून्य असेल, तर शून्याचे ५ टक्केही शून्यच.

सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली उमेशकुमार नागपाल खटल्यात सांगितले, की अशा नियुक्तीचा हेतू कुटुंबाला आकस्मिक संकटातून सावरणे हा आहे आणि काळ लोटल्यावर ती हक्क म्हणून मागता येत नाही. हा हेतू प्रामाणिकपणे मानायचा, तर कार्यालयाच्या कपाटात वर्षानुवर्षे पडून राहणारा प्रत्येक अर्ज हा त्या हेतूचाच भंग आहे. विलंब कचेरी करते आणि काळ लोटल्याचा दोष विधवेच्या पदरी पडतो.

अनुकंपेचे दार बंद झाले, तर खुल्या भरतीचे तरी उघडे आहे काय? केंद्र सरकारच्या ‘क’ गटातील जागांसाठी पुनर्विवाह न केलेल्या विधवेला वयाची सवलत आहे, पण ती पस्तीस वर्षांपर्यंत; अनुसूचित जाती-जमातींच्या स्त्रियांना चाळीसपर्यंत. सेहेचाळीस वर्षांची विधवा या नियमाच्या हिशेबी अस्तित्वातच नाही. नियम करणाऱ्यांनी वैधव्य हे तरुणपणीचे संकट मानले. कामगार वस्तीत मात्र ते बहुधा चाळिशी-पन्नाशीत येते.

आणि ही झाली कायम कामगाराच्या घरची कथा. कंत्राटी कामगाराच्या विधवेला अनुकंपेची रांगही नाही. भविष्यनिर्वाह निधीच्या पेन्शन योजनेत २०१४ साली किमान रक्कम ठरली ती महिना १,००० रुपये. दारिद्र्यरेषेखालील विधवेच्या पेन्शनमध्ये केंद्राचा वाटा २०१२ साली ठरला तो ३०० रुपये. अशी स्त्री मग विड्या वळायला बसते. जबलपूर हे विडी उद्योगाचे जुने केंद्र. तेंदूपत्ता आणि तंबाखू घरी आणायचा, हजाराच्या हिशेबाने विड्या वळायच्या, आणि ठेकेदाराने खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांची मजुरी सोडून द्यायची. १९७६ च्या कायद्याने या कामगारांसाठी कल्याण निधी उभारला गेला. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला, तेव्हा त्या निधीला पैसा पुरवणारा उपकरच रद्द झाला.

महाराष्ट्रातील सुधारणेच्या चळवळीने विधवेसाठी मोठे काम केले, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली शारदा सदन काढले. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली विधवांसाठी आश्रम स्थापन केला. तेथून शिक्षिका आणि परिचारिका बाहेर पडल्या. पुढे उषाताई डांगे या बालविधवेने परिचारिकेच्या शिक्षणापासून गिरणीतल्या स्त्रियांच्या संपापर्यंतची वाट चालून दाखवली. परंतु त्या आश्रमांची दारे प्रामुख्याने वरच्या जातींतील स्त्रियांसाठी उघडली. श्रमिक विधवा आधीपासूनच कामावर होती. १९२० च्या दशकात मुंबईच्या कापडगिरण्यांत दर पाच कामगारांमागे साधारण एक स्त्री होती. यांत्रिकीकरण आले, रात्रपाळीची बंदी आली, बाळंतपणाच्या रजेचा खर्च मालकांना खुपू लागला, तशी ती बाहेर ढकलली गेली. घर चालवतो तो पुरुष, ही समजूत मालकांच्या सोयीची होती. आणि खेदाने म्हणावे लागते, की अनेक कामगार संघटनांनीही ती निमूट मान्य केली.

त्याच मुंबईत गिरणगावच्या खोल्यांतून खाणावळी चालवणाऱ्या बायका होत्या. त्यांत विधवा होत्या, टाकलेल्या होत्या. सावकाराच्या व्याजात त्यांची कमाई बुडत असे. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी त्यांना अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणले आणि राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज एकमेकींच्या हमीवर मिळवून दिले. ज्या स्वयंपाकाला कोणी काम म्हणत नव्हते, तोच संघटित झाल्यावर व्यवसाय ठरला. यातील धडा साधा आहे. या बायकांना कसब शिकवावे लागले नाही, ते होतेच. उणीव होती ती पत आणि संघटनेची.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. हे पाऊल अभिनंदनीय आहे. पण बांगडी न फुटलेल्या हातालाही उद्या काम लागते. नावामागे ‘गं. भा.’ लावून समाज मोकळा होत असे. आज ‘अनुकंपा’ लिहून सरकार मोकळे होते. दोन्ही शब्दांत आदर दिसतो आणि दोन्हींत भाकरी नाही.

एक आक्षेप प्रामाणिक आहे. बेकार तरुण विचारतो, की जागा थोड्या असताना त्या वारसांना का? त्याला शत्रू मानून चालणार नाही. जागा थोड्या ठेवणारे वेगळे आहेत. त्यांनीच विधवा आणि बेकार तरुण यांना एका दारात भांडायला उभे केले आहे. रिक्त पदे भरा आणि कायम कामाला कायम कामगार घ्या, ही मागणी दोघांची आहे.

म्हणून कामगार चळवळीने काही गोष्टी ठामपणे मागितल्या पाहिजेत. अर्जाचा निकाल ठराविक मुदतीत लागावा आणि नकाराची कारणे लेखी मिळावीत. विधवेसाठी भरतीची वयोमर्यादा पस्तिशीवर अडवू नये. चतुर्थ श्रेणीच्या जागेवर नेमलेल्या विधवेला शिक्षणाच्या अटीतून सूट देण्याची तरतूद नियमांत आहे. ती प्रत्यक्षात पाळली जावी आणि कामावर असताना पगारी प्रशिक्षण मिळावे. कंत्राटी कामगाराच्या कुटुंबाला तोच आधार मिळावा आणि विडी कामगारांच्या कल्याणासाठी पुरेशी तरतूद व्हावी.

२४ जानेवारी २०२५ रोजी भंडाऱ्याच्या आयुध कारखान्यातील स्फोटात कामगार मृत्युमुखी पडले. खमरियातही ऑक्टोबर २०२४ मध्ये स्फोट होऊन जीवितहानी झाली. अशा वेळी पुढारी भेटीला जातात आणि फुले वाहतात. संघटनेचे काम त्यानंतर सुरू होते. तेराव्या दिवशी पाहुणे परततात; चौदाव्या दिवशी त्या घरी कागदपत्रे घेऊन कोण जातो, अर्ज कोण लिहून देतो, तारखेला सोबत कोण उभे राहते, यावर युनियनची परीक्षा होते. महाराजपूरच्या प्रत्येक गल्लीत असे एखादे घर आहे. त्या घरातील स्त्री दया मागत नाही. तिने आयुष्यभर केलेल्या, पण कोणी न मोजलेल्या श्रमाचा हिशेब ती मागते आहे. तो चुकता करून घेणे हे कामगारवर्गाचे कर्तव्य आहे.