संगणक बंद कुणी करायचा?

आळंदीत कार्तिकी यात्रा आली की आमच्या गटाच्या विक्रीचा हिशोब एकाच लिनक्स संगणकावर चालतो. खातं मात्र प्रत्येकीचं वेगळं. एकीचं खातं उघडं असताना दुसरी संगणक बंद करायला गेली, तर तो बहुधा मुख्य पासवर्ड मागतो. ही अडवणूक नव्हे. पहिलीचा न साठवलेला हिशोब त्यामुळे वाचतो. अशा वेळी वायर ओढू नका. आधी विचारा, “कुणाचं काम राहिलंय का?”

मुख्य खात्याला ‘रूट’ म्हणतात. त्यातून सगळंच करता येतं, दुसरीचा हिशोब पुसणंसुद्धा. म्हणून तो पासवर्ड सगळ्यांत वाटू नका. ‘सुडो’ नावाच्या सोयीने एखादीला फक्त संगणक बंद करण्याचीच परवानगी देता येते. ती कुणाला द्यायची, हे पुढच्या बैठकीत सगळ्यांनी मिळून ठरवा.