आवड सांगणारे ‘बी इंटू’

इंग्रजीत क्रियापदाला एखादे अव्यय जोडले गेले आणि त्या जोडीला सुट्या शब्दांपेक्षा निराळा अर्थ आला, की तिला ‘फ्रेझल व्हर्ब’ असे म्हणतात. बोलचालीतील ‘बी इंटू’ हा प्रयोग सामान्यतः याच वर्गात गणला जातो. ‘इंटू’चा मूळ अर्थ ‘च्या आत’ असा असला, तरी ‘शी इज इंटू फोटोग्राफी’ या वाक्यातून तिला छायाचित्रणाचा नाद आहे, असा बोध होतो. ही आवड क्षणिक नसून तीत सातत्याने रस घेणे अभिप्रेत असते. म्हणूनच समोर आलेला चहा आवडला, तर तेथे ‘लाइक’ हेच क्रियापद शोभते.

रचनेच्या दृष्टीने ‘बी’चे रूप कर्ता व काळ यांनुसार ‘अ‍ॅम’, ‘इज’, ‘वॉज’ असे बदलते, तर ‘इंटू’नंतर नाम किंवा क्रियापदाचे ‘आयएनजी’ प्रत्यय लागून झालेले नामसदृश रूप येते. त्यामुळे ‘इंटू कुकिंग’ हे शुद्ध, तर ‘इंटू टू कुक’ हे अशुद्ध ठरते. ‘रिअली इंटू’ म्हटल्याने ओढ तीव्र होते आणि ‘नॉट रिअली इंटू’ म्हटल्याने नावड न दुखावता सांगता येते.

‘इंटू’नंतर व्यक्तीचा उल्लेख आला, तर मात्र अर्थ बहुधा प्रेमाकडे झुकतो; ‘ही इज जस्ट नॉट दॅट इंटू यू’ या २००९ च्या हॉलिवूड चित्रपटाचे शीर्षक याच अर्थावर बेतलेले आहे. नोकरीच्या अर्जासारख्या औपचारिक लेखनात त्याऐवजी ‘इंटरेस्टेड इन’ वापरणे उचित होय.